मिडवेस्टात लोकल खायला कुठे न्यावं? एक शाकाहारी, एक बीफ सोडून सगळं

नवी_विटी
नमस्कार मंडळी, बरीच वर्षं रोमात (म्हणजे नुसती वाचत) होते, धागा पहिल्यांदाच काढतेय, सांभाळून घ्या.
आम्ही जानेवारीत न्यू जर्सीतल्या एडिसनहून विस्कॉन्सिनच्या मॅडिसनला आलो. (हो, यमक जुळतंय, नवऱ्याचा तो जोक सगळ्या ओळखीपाळखीत करून झालाय.) जूनमध्ये सासू-सासरे सांगलीहून येतायत. मागच्या खेपेला जर्सीत आले तेव्हा ओक ट्री रोडवर, म्हणजे तिथल्या देशी दुकानांच्या रस्त्यावर, इतकं डोसा-चाट-पावभाजी झालं की परत गेल्यावर सासरे गल्लीत सांगत सुटले, अमेरिकेत मिळतं ते सगळं सांगलीत मिळतं, फक्त तिकडे महाग. ते मला फार लागलंय. यावेळी इथलं म्हणजे या भागातलं खायला घालायचं असा पण केलाय.
अटी अशा की सासरे बीफ सोडून सगळं खातात. सासूबाई शाकाहारी, केकमधलं अंडं चालतं पण दिसता कामा नये. फार पॉश नको, चेन शक्यतो नको, इंडियन बुफे अजिबात नको. गाडीने सहासात तासांपर्यंत जायची तयारी आहे. सुचवा.

टोमणेमामी
बीफ नाही, मांस नाही, अंडं दिसायला नको आणि लोकल हवं. असं कर, मिडवेस्ट सोडून कुठेही ने.

खवय्या७३
हहपुवा (हसून हसून पुरेवाट) मामी.
पण खरंच, बीफ वगळलं की इथल्या नावाजलेल्या वस्तू धडाधड गळतात. शिकागोचं इटालियन बीफ सँडविच गेलं, मिनीआपोलिसचा जूसी लूसी (आत चीज भरलेला बर्गर) गेला, सिनसिनाटी चिली गेली, कॅन्सस सिटीचे बर्न्ट एंड्स (बार्बेक्यूचे करपट तुकडे) गेले. सासऱ्यांना इंडियानाचा पोर्क टेंडरलॉइन सँडविच चालेल. हंटिंग्टनच्या निक्स किचनचं नाव घेतात त्यासाठी, १९०८ पासूनची जागा आहे. मांस कुटून कुटून इतकं पातळ आणि मोठं करतात की पावाच्या बाहेर चहूबाजूंनी लोंबत असतं, पाव फक्त धरायला. सासूबाईंनी तोवर काय करायचं ते मला विचारू नका.

कस्टर्डप्रेमी
मामी आणि खवय्या, तुम्ही दोघं शुक्रवारी संध्याकाळी मिलवॉकीत कधी फिरलायत का?
नवी_विटी, तुमच्यापासून सव्वा तासावर आहे, पहिला नंबर फिश फ्रायचा. विस्कॉन्सिनमध्ये शुक्रवारी फिश फ्राय म्हणजे चैन नाही, ती शुक्रवारची व्यवस्था आहे. चर्चच्या हॉलमध्ये, बारमध्ये, बोलिंगच्या जागी, सगळीकडे. जर्मन आणि पोलिश कॅथलिक वस्ती, शुक्रवारी मांस वर्ज्य, त्यात १९२० ला दारूबंदी आली तेव्हा टॅव्हर्नवाल्यांनी गिऱ्हाईक टिकवायला स्वस्तात मासे तळून द्यायला सुरुवात केली, लेक मिशिगनमध्ये मासे भरपूर होतेच, आणि जे सुरू झालं ते दारूबंदी उठली तरी बंद झालं नाही.
कॉड सगळीकडे असतो. पण तुम्ही पर्च किंवा वॉलाय आहे का विचारा. पर्चचे तुकडे बोटाएवढे, पातळ, वरचं आवरण हलकं, आत मासा गोडसर. सांगलीचे असले तरी सासरे मासे खाणारे दिसतात, त्यांना फरक कळेल. सोबत राय ब्रेड, कोलस्लॉ आणि बटाटा येतो. इथे फ्राईज म्हणायचं नाही, पोटॅटो पॅनकेक म्हणायचं. किसलेला बटाटा आणि कांदा, कडा करकरीत, आतून मऊ, वर ॲपलसॉस. सासूबाईंना नुसते हेच मागवा, पोटभर होतं.
पोरांसह जाणार असाल तर लेकफ्रंट ब्रुअरीत जा, शुक्रवारी फिश फ्रायबरोबर पोल्का बँड असतो, म्हातारे जोडीने नाचत असतात. सासरे उठले नाचायला तर फोटो टाका.

वेंधळी
पॅनकेक तव्यावर करतात की माशांच्याच तेलात तळतात ते आधी विचारून घ्या हं. दोन्ही प्रकार पाहिलेत. आमच्या गावातल्या एका डायनरमध्ये व्हेजिटेबल सूप मागवलं, आईने अर्धा बोल संपवला आणि मग वेट्रेस प्रेमाने सांगते, आमचा चिकन स्टॉक घरचा असतो. आई त्यानंतर दोन दिवस केळ्यांवर होती.

नवी_विटी
बापरे. विचारीन. पण पोल्का ऐकून नवरा आत्ताच हो म्हणालाय.

गारठलेला
मिनेसोटाची बाजू मांडतो. तुम्हाला चार तास. वाइल्ड राइस सूप सगळे सांगतील, वेंधळीताईंचं ऐका, बहुतेक ठिकाणी त्यात चिकन असतं. त्याऐवजी सेंट पॉलला हमाँगटाउन मार्केटप्लेस. लाओसहून आलेल्या हमाँग लोकांची अमेरिकेतल्या सगळ्यात मोठ्या वस्त्यांपैकी एक आमच्याकडे आहे आणि हे मार्केट म्हणजे भाजी, कपडे, औषधी मुळ्या आणि खाण्याचे स्टॉल एका छपराखाली. पपई सॅलड तुमच्यासमोर खलबत्त्यात कुटून देतात, फिश सॉस घालू नका सांगायचं. मिरच्या किती विचारतात. सासूबाईंनी आकडा विचार करून सांगावा.
सासऱ्यांसाठी बातमीतली जागा, ओवाम्नी. मिसिसिपीच्या काठावर २०२१ ला सुरू झालं, २०२२ ला जेम्स बिअर्ड पुरस्कारात देशातलं सर्वोत्तम नवीन रेस्टॉरंट ठरलं. मूळ रहिवासी लोकांचं जेवण. युरोपियन येण्याआधी इथे जे नव्हतं ते वापरत नाहीत, म्हणजे गहू नाही, दूध नाही, ऊसाची साखर नाही, बीफ-पोर्क-चिकन नाही. मका, बीन्स, भोपळा, जंगली तांदूळ, बेरी. अर्थात हे थोडं खिशाला लागतं, कॅज्युअलमध्ये बसवायचं की नाही तुम्ही ठरवा. बायसन असतो मात्र.

टोमणेमामी
बायसन गायीत धरायचा की म्हशीत? सासऱ्यांना आधीच विचारून ठेव, टेबलावर बसल्यावर हा वाद नको.

खवय्या७३
मामी, शास्त्रीयदृष्ट्या दोन्ही नाही.

टोमणेमामी
तुझं शास्त्र सांगलीत चालत नाही.

ओहायोचा_बंड्या
खवय्यांनी सिनसिनाटी चिली एका फटक्यात बाद केली म्हणून लॉगिन केलं. स्कायलाइन या चिलीच्या चेनमध्ये शाकाहारी पर्याय आहे! काळे बीन्स आणि भात, तो स्पॅगेटीवर घालतात आणि वर चेडर चीजचा डोंगर. थ्री-वे मागा, कांदा घातला की फोर-वे. मूळ चिलीत बीफच असतं हे मान्य, दालचिनी आणि ऑलस्पाइस घातलेला पातळ खिमा, १९२२ ला मॅसिडोनियाहून आलेल्या किराजिएफ भावांनी एम्प्रेस नावाच्या जागेत सुरू केला, स्कायलाइन १९४९ चं. टेक्सासवाले याला चिली म्हणत नाहीत. न म्हणेनात. आधी खाल्ली की वाटतं हे काय, मग महिन्याभराने आपोआप गाडी वळते.
वरून ग्रेटर्सचं ब्लॅक रास्पबेरी चिप आइस्क्रीम. चॉकलेटचे तुकडे सारखे नसतात, मध्येच एखादा दगडाएवढा लागतो.
एक वाईट बातमी, फ्रिशेस बिग बॉयच्या बऱ्याच शाखा २०२४ च्या शेवटाला भाडं थकल्याने बंद पडल्या. आमच्याकडची पण. पोरं लहान असताना रविवारचा ब्रेकफास्ट तिथेच व्हायचा.

वेंधळी
बातम्या चालल्यात तर ही पण घ्या, शाकाहाऱ्यांसाठी महत्त्वाची. स्टेक अँड शेकने २०२५ च्या सुरुवातीपासून फ्राईज बीफच्या चरबीत तळायला सुरुवात केली. आधी तेल होतं म्हणून हायवेवर आम्ही बिनधास्त थांबायचो, फ्राईज आणि शेक, झालं. आता नुसता शेक. इलिनॉयच्या नॉर्मल गावात १९३४ ला सुरू झालेली चेन, त्यामुळे मिडवेस्टात ड्राइव्ह करताना ती हमखास लागतेच, म्हणून सांगितलं. बाकीच्या ठिकाणीही तेल कुठलं ते विचारायची सवय ठेवा, लाजू नका.

मक्याचं_शेत
आयोवाला कोणी विचारणार नाही, माहितेय. तरी सांगतो. केसीज नावाचा पेट्रोल पंप. पंपावरचा पिझ्झा. हसू नका, छोट्या गावांत रात्री आठनंतर उघडं असलेलं ते एकमेव गरम जेवण असतं. चीज पिझ्झाचा स्लाइस घ्या, सकाळी ब्रेकफास्ट पिझ्झा असतो पण त्यात अंडं दिसतं.

खवय्या७३
पेट्रोल पंपावर सासूबाई. धाग्याचं शिखर.

मक्याचं_शेत
जुलैमध्ये तुम्हीच मक्याची कणसं मागायला याल.

अप्पा_इलिनॉय
सर्व प्रतिसाद वाचले. आम्ही शिकागोत आलो त्याला आता फार वर्षं झाली, त्यामुळे थोडं लांबण लागेल, तरुण मंडळींनी चालवून घ्यावं.
पिझ्झा. पाहुण्यांना डीप डिश, म्हणजे खोल ताटातला जाडजूड पिझ्झा, दाखवतात, उनोची ती १९४३ पासूनची. एकदा खाऊन बघा, नंतर झोप काढा. पण शिकागोचा माणूस रोज जो पिझ्झा खातो तो टॅव्हर्न स्टाइल, पापुद्र्याइतका पातळ, कडक, आणि त्रिकोणी नाही, चौकोनी तुकडे केलेला. बारमध्ये बिअरबरोबर लोकांना नॅपकिनवर देता यावा म्हणून तसा कापत. मधला तुकडा मऊ, कोपऱ्यातला छोटा त्रिकोण करकरीत, त्या कोपऱ्यावरून घराघरात भांडणं होतात. भाज्या घालून मागवला की सूनबाईंच्या दोन्ही पाहुण्यांचं एका ताटात भागतं.
इटालियन बीफच्या दुकानातही शाकाहारी सोय आहे हे फार कोणाला ठाऊक नसतं. लेंटच्या (ईस्टरआधीच्या उपासांच्या) शुक्रवारी पेपर अँड एग सँडविच करतात, काही ठिकाणी वर्षभर. अंडं दिसतं, त्यामुळे सासूबाईंना नाही. मात्र तिथे जार्दिनिएरा मिळतं, फ्लॉवर, गाजर, सेलरी, हिरव्या मिरच्या, सगळं तेलात मुरवलेलं. हे लोणचंच. एक बरणी घ्या, सांगलीला जाताना बॅगेत राहील.
आता मुद्द्याचं. इंडियन नको म्हणता, पण शिकागोतला आपल्या लोकांचा डेव्हन ॲव्हेन्यू लोकल नाही कसा? पटेल ब्रदर्स या देशी किराणा चेनचं पहिलं दुकान १९७४ साली डेव्हनवर निघालं. सिनसिनाटीची चिली मॅसिडोनियन लोकांची, डेट्रॉईटचा कोनी डॉग ग्रीकांचा, बीफ सँडविच इटालियनांचं. ते शंभर वर्षांत लोकल झाले, आपण पन्नास वर्षांत का नाही?

नवी_विटी
अप्पा, मुद्दा पटला. पण डेव्हनवर नेलं की सासरे परत तेच म्हणणार, सांगलीत मिळतं.

अप्पा_इलिनॉय
मग त्यांना म्हणावं सांगलीत मिशिगन लेक दाखवा.

डेट्रॉईटकर
अप्पांना अनुमोदन आणि त्याच धाग्याला धरून, शाकाहारी माणसाला मिडवेस्टात सगळ्यात सुखाने जेवायला मिळतं ते डेट्रॉईटजवळच्या डिअरबॉर्नला. फोर्ड कंपनीचं गाव, लेबनीज, इराकी, येमेनी लोक पिढ्यानपिढ्या तिथे आहेत. तुम्हाला साडेसहा-सात तास, म्हणजे अटीत बसतं. मुजद्दरा मागवा, मसूर आणि भात, वर तेलात काळपट होईस्तोवर तळलेला कांदा. फत्तूश, फलाफल, भट्टीतून फुगून आलेली रोटी टेबलावर येतच राहते. सासऱ्यांना लॅम्ब. दोघांनाही विचारपूस न करता पोटभर, हे महत्त्वाचं, कारण दहा दिवस प्रत्येक ठिकाणी यात काय आहे हो विचारत बसलं की म्हातारी माणसं कंटाळतात आणि मग खोलीत पोहे खाऊ म्हणतात. शेवटी शातिला बेकरीची बकलावा.
आणि पिझ्झाच खायचा तर आमचा. बडीज, १९४६. मोटारींच्या कारखान्यात सुटे भाग ठेवायचे निळ्या पोलादाचे चौकोनी ट्रे असायचे, त्यात भाजायला लागले. विस्कॉन्सिनचं ब्रिक चीज पार कडेपर्यंत पसरतात, ते ट्रेला लागून काळपट करकरीत होतं, सॉस वरून. शिकागोवाल्यांनी राग मानू नये.

अप्पा_इलिनॉय
राग नाही. कीव.

गारठलेला
सेंट लुईसवाले कोणी नाहीत का इथे? त्यांचा पिझ्झा राहिला.

खवय्या७३
राहू दे. प्रोव्हेल चीज दाताला चिकटतं ते पुढच्या राज्यापर्यंत. टेड ड्रूजला जा फक्त, जुन्या रूट ६६ वरचं, फ्रोझन कस्टर्ड इतकं घट्ट की कप उलटा करून हातात देतात.

कस्टर्डप्रेमी
कस्टर्डचा विषय निघालाच आहे तर मी गप्प बसू शकत नाही. उलटा कप वगैरे ठीक, पण मिलवॉकीत लिऑन्स १९४२ पासून आणि कॉप्स १९५० पासून आहे, उन्हाळ्यात रात्री दहाला पार्किंग लॉट भरलेला, लोक गाडीला टेकून खातायत. कॉप्समध्ये रोजचे स्पेशल फ्लेवर वेगळे, लोक ते बघून संध्याकाळचा बेत ठरवतात. सासूबाईंसाठी नोंद: कस्टर्डमध्ये अंड्याचा बलक असतोच, तोच आइस्क्रीम आणि कस्टर्डमधला फरक. पण दिसत नाही. त्यांच्या नियमात बसतं.

टोमणेमामी
दिसत नाही ते नाही. या तत्त्वावर आमच्याकडे तीन पिढ्या नांदल्या.

वेंधळी
चीजमध्ये रेनेट (वासराच्या पोटातून काढतात ते विरजण) पण बघायला लागेल मग, काही ठिकाणी

खवय्या७३
वेंधळी, रेनेटवर नको ना, मागच्या वेळी दोनशे प्रतिसाद झाले होते.

नवी_विटी
सासूबाईंना रेनेट माहीत नाही आणि मी सांगणार नाहीये.
बरं, सपर क्लब म्हणजे काय? ऑफिसमधली प्रत्येक बाई सांगते तिकडे न्या म्हणून. क्लब म्हणजे मेंबरशिप लागते का?

कस्टर्डप्रेमी
मेंबरशिप नाही. जुन्या पद्धतीचं रेस्टॉरंट, बहुतेक गावाबाहेर किंवा तळ्याकाठी, लाकडी भिंती, मंद दिवे. आधी बारवर बसायचं, ब्रँडी ओल्ड फॅशन्ड मागवायची. बाकीच्या अमेरिकेत त्यात व्हिस्की असते, विस्कॉन्सिनमध्ये ब्रँडी. बारवाला विचारतो स्वीट, सावर की प्रेस, म्हणजे वरून स्प्राइट, आंबट सोडा की निम्मं स्प्राइट निम्मा साधा सोडा. संत्र्याची फोड आणि चेरी साखरेबरोबर ग्लासात चेचतात. जेवणाची ऑर्डर बऱ्याच ठिकाणी बारवरच घेतात, टेबल तयार झालं की बोलावतात, बसता बसता समोर रेलिश ट्रे, मुळे, गाजर, सेलरी, चीज स्प्रेड, बिस्किटं. घाई कोणालाच नसते. तुम्हाला जवळचं आणि नामांकित म्हणजे लेक डेल्टनचं इश्नाला, मिरर लेकच्या वर, इमारतीतून झाडं वर गेलीयत. सीझनपुरतंच उघडं असतं, जूनमध्ये असेल.

डेट्रॉईटकर
आणि सासूबाई काय खाणार? प्राइम रिब, स्टेक, मासे. त्यांना चाळीस डॉलरच्या बिलात एक भाजलेला बटाटा. असल्या ठिकाणी शाकाहारी माणसाला नेऊन बाकीच्यांनी ताव मारायचा हे मला बरं वाटत नाही.

कस्टर्डप्रेमी
मी पूर्ण जेवायला न्या म्हणत नाहीये. इश्नालात बारवर बसा, सासरे ब्रँडी घेतील, सासूबाईंना किडी कॉकटेल, चेरी घातलेलं लाल सरबत, त्यात लाजण्यासारखं काही नाही, तासभर तळं बघा आणि उठा.

डेट्रॉईटकर
हां, असं असेल तर चालेल.

गारठलेला
रच्याकने (जाता जाता), सगळीकडे एक गोष्ट, जेवायला लवकर जा. लहान गावांत आठ-साडेआठला किचन बंद. आपले लोक आठला चहा घेऊन कपडे बदलायला जातात.
दुसरं, टिप. सासरे टिपवरून वाद घालणारच. विस्कॉन्सिनमध्ये टिप मिळणाऱ्या वेटरचा किमान पगार तासाला २.३३ डॉलर आहे हे त्यांना सांगा, गप्प होतील. आमच्या मिनेसोटात अशी सूट नाही, पूर्ण किमान वेतन द्यावं लागतं. शिकागोने २०२४ च्या जुलैपासून टप्प्याटप्प्याने तेच सुरू केलं.

अप्पा_इलिनॉय
आणि त्यानंतर बिलावर सर्व्हिस चार्ज लागायला लागलेत काही ठिकाणी. बिल खालपर्यंत वाचावं, चष्मा लावून. दोनदा टिप जाते.

नवी_विटी
सगळ्यांचे खूप खूप आभार. आत्तापर्यंतचा बेत असा: शनिवारी सकाळी इथलंच कॅपिटॉलभोवतीचं डेन काउंटी फार्मर्स मार्केट, स्टेलाचा गरम मसालेदार चीज ब्रेड आणि ताजे चीज कर्ड्स (चीजचे छोटे गोळे). एका शुक्रवारी मिलवॉकी, पर्च आणि पॅनकेक, रात्री कस्टर्ड. इश्नाला फक्त बार. शिकागोत पातळ पिझ्झा आणि जार्दिनिएरा. लाँग वीकेंडला डिअरबॉर्न. सिनसिनाटी यावेळी नाही जमणार, बंड्या सॉरी.

ओहायोचा_बंड्या
महिन्याभराने गाडी वळेल.

मक्याचं_शेत
कर्ड्स त्याच दिवशी खा, फ्रिजमध्ये ठेवले की दाताखाली कर्रकर्र वाजणं बंद होतं. राहिलेच तर मायक्रोवेव्हमध्ये काही सेकंद, परत वाजतात. आणि त्या मार्केटात सगळे लोक घड्याळाच्या उलट दिशेने फिरतात, तशी रीतच आहे, उलटं गेलात तर हजार माणसं अंगावर येतात.

टोमणेमामी
उलटी प्रदक्षिणा! सासूबाई ऐकायच्या नाहीत. अंड्याचं निस्तरलं तरी हे नाही निस्तरायचं.

नवी_विटी
मामी.
व्हॉट्सॲपवर बेत पाठवला, सासऱ्यांचा एकच प्रश्न आलाय, पर्चला काटे असतात का.

कस्टर्डप्रेमी
नसतात, फिले करून तळतात. काटे असलेलाच मासा हवा म्हणाले तर डोअर काउंटीला न्या, तीन-साडेतीन तास. फिश बॉइल. बाहेर लाकडाच्या जाळावर मोठं पातेलं, त्यात बटाटे, कांदे, व्हाइटफिशचे जाड तुकडे, आणि शेवटी जाळावर रॉकेल फेकतात, भडका उडतो, पातेलं उतू जातं आणि वर आलेला माशाचा फेस बाहेर पडतो. मग वितळलेलं लोणी घालून वाढतात. त्या तुकड्यांत काटे असतात. शेवटी तिथल्या चेरींचा पाय, तो सासूबाईंचा.

वेंधळी
पायच्या पारीत लार्ड (डुकराची चरबी) आहे का ते

टोमणेमामी
वेंधळी, तू घरी थांब.